चार नंबरात कोण आहे

१

मशीन बंद करणं हे गोमटेशचं रोजचं काम होतं. ते आपल्याइतकं नीट अख्ख्या सांगलीत कुणी करत नसेल, असं त्याला मनातल्या मनात वाटायचं. तोंडाने तो हे कुणापाशी बोलला नसता. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची नजर पायाच्या अंगठ्याकडे जायची. दहावीच्या परीक्षेला तो बसलाच नव्हता. पण कोल्ड स्टोरेजच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर बसला की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

कोल्ड स्टोरेज जवाहरअण्णांचं, नदीपासून फार लांब नाही. तासगाव-मिरज भागातल्या शेतकऱ्यांचा बेदाणा तिथे गारव्यात राहायचा. चेंबरची दारं वीतभर जाड. एकदा ओढली की आतला माणूस कितीही ओरडला तरी बाहेर आवाज येत नाही. म्हणून तिथली जुनी रीत अशी होती, की दार ओढण्याआधी उंबऱ्यात उभं राहायचं, ‘आत कोण हाय का?’ म्हणून हाक द्यायची, थांबायचं आणि मगच ओढायचं. तरी एका वर्षी हरणाबाई आत राहिली. थप्पीमागे होती, तिला हाक ऐकूच गेली नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा जिवंत सापडली, पण त्यानंतर तिने त्या फाटकात पाऊल टाकलं नाही.

तेव्हा गोमटेशने ती हाक मशीनमध्ये आणली. प्रत्येक चेंबरच्या आत, दाराजवळ, प्लास्टिकच्या पेटीत एक छोटा पडदा आणि बटणं. आत शिरलं की आपला नंबर दाबायचा, म्हणजे नाव लागलं. बॉक्स हलवले की आकडा घालायचा. बाहेर येताना नाव काढायचं. ही सगळी नावं एकाच मोठ्या मशीनवर. गोमटेश आपल्या खोलीत बसून ‘हू’ असं टाइप करायचा, म्हणजे ‘कोण’, आणि आत्ता या घडीला कोण कुठल्या चेंबरमध्ये आहे ते समोर यायचं.

संध्याकाळी मशीन बंद करताना त्याची एक ठरलेली चाल होती. आधी नवीन नाव लागू नये म्हणून मशीनचं दार लावायचं. मग सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा. त्याबरोबर प्रत्येक चेंबरमध्ये टुणकन घंटी वाजायची आणि न वाचता येणाऱ्या बायकांनाही कळायचं, चला, निघायची वेळ झाली. मग एकेक नाव गळेपर्यंत वाट बघायची. सगळी नावं गेली, लिहायचं ते डिस्कवर उतरलं, की मग ‘शटडाऊन’.

नाव अडकलं तर ते जबरदस्तीने तोडायचीही सोय होती. त्या हुकमाचं नाव ‘किल’. गोमटेशने तो आजवर एकदाही टाइप केला नव्हता. दिवेलागणीआधी जेवणं उरकणारं, मुंगी दिसली तर झाडू थांबवणारं त्याचं घर. त्या घरातल्या पोराच्या बोटांना तो शब्द जड जायचा. कुणी आत आहे आणि आपण दार ओढलं, असं त्याच्या हातून एकदाही झालं नव्हतं. जवाहरअण्णा पाहुण्यांना आवर्जून त्याच्या खोलीत आणायचे. “हा आमचा गोमटेश. ह्याच्या मशीनला विचारल्याबिगर हितं कुलूप लागत न्हाई.” गोमटेश मान खाली घालायचा. पण कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि पुढचे दोन दिवस जेवण गोड लागायचं.

२

त्या ऑगस्टमध्ये कोयनेचं पाणी सोडलं आणि कृष्णा रस्त्यावर आली. दुपारी कोल्ड स्टोरेजच्या फाटकात घोट्याएवढं पाणी झालं होतं. जवाहरअण्णा साताऱ्यात अडकले होते. त्यांचा फोन आला.

“माणसं आधी काढ,” अण्णा म्हणाले. “मग मशीन नीट बंद कर आणि माडीवर ने. लाईट कवाबी तोडतील. आर्धंमुर्धं बंद पडलं तर कुणाचा माल कुठं हाय, देवाला बी सांगता यायचं न्हाई. करशील न्हवं?”

“करतो की, अण्णा,” गोमटेश म्हणाला. एवढंच म्हणाला, पण फोन ठेवताना त्याचा ऊर भरून आला होता. साऱ्या हंगामाचा बेदाणा त्याच्या बोटांवर सोपवला होता.

तेवढ्यात लाईट गेलीच. मशीन आणि चेंबरमधल्या पेट्या बॅटरीवर आल्या. बॅटरी फार वेळ काढणार नव्हती, पण नीट बंद करायला पुरणार होती. त्याने निरोप धाडला. घंट्या वाजल्या. बोळातून बायकांचा गलका ऐकू आला, जाड दारं धप् धप् ओढल्याचे आवाज आले. मुकादम चिंतामण प्रत्येक दारात हाक देत पुढे सरकत होता आणि पाण्याने दार हलू नये म्हणून बाहेरून आडवी लोखंडी पट्टी घालत होता. पडद्यावरची नावं गळत गेली. बनुबाई गेली. मनुबाई गेली. नाथाजी गेला.

एक नाव राहिलं. सुलाबाई, चार नंबर.

गोमटेश थांबला. सुलाबाई तिथली सगळ्यात जुनी बाई, नाव काढायला कधी विसरायची नाही. तो पुन्हा ‘हू’ म्हणाला. तेच. मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकात टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या हौद्यात, बायकांच्या मधोमध, हिरव्या लुगड्यात सुलाबाई बसलेली होती.

३

तो पाण्यातून फाटकापर्यंत गेला.

“मावशी, तुमचं नाव निघालं न्हाई.”

“काढलं की,” सुलाबाई म्हणाली.

“पडद्यावर दिसतंय अजून.”

“मग तूच पूस.”

बनुबाई हसली. “आवं, मशीन बी भिजलं असंल गोमटेशचं. त्याला बी टेम्पोत घ्या.”

“टावेल गुंडाळ रं त्याला,” नाथाजी म्हणाला, आणि सगळा टेम्पो खिदळला.

गोमटेशचे कान तापले. मशीनला हसलेलं त्याला सोसायचं नाही. “मशीन चुकत न्हाई,” तो अंगठ्याकडे बघत म्हणाला. अंगठा पाण्याखाली होता.

“गड्या, मी सोता हाक दिली,” चिंतामण पुढच्या सीटवरून म्हणाला. “माझ्या डोळ्यादेखत आली ती भायेर, सगळ्यांत शेवटी. मग पट्टी घातली. पूस आणि मोकळा हो. तुला न्यायला ट्रॅक्टर धाडतो.”

सुलाबाई गोमटेशकडेच बघत होती. बाकीच्या बायकांच्या हातांवर, बांगड्यांवर दव धरलं होतं. गार चेंबरमधून दमट हवेत आलं की सगळ्यांचं तसंच होतं, सगळ्याजणी पदराने हात पुसत होत्या. सुलाबाईचे हात मांडीवर कोरडे होते. तिला पुसावं लागत नव्हतं.

“पूस बाबा,” ती पुन्हा म्हणाली, आईने समजूत घालावी तशा आवाजात. “तुझ्या तर हातात हाय. जाते मी.”

टेम्पो पाणी कापत निघाला. गोमटेश तिथेच उभा राहिला. एवढी वर्षं ती संध्याकाळी निघताना ‘येते रं बाबा’ म्हणायची. घरातून किंवा कामावरून निघताना ‘जाते’ असं त्या बायकांतली कुणीही म्हणत नाही. घाईत म्हणाली असेल, असं त्याने मनाला सांगितलं. पुराच्या दिवशी माणसाला कुठलं भान असतं.

४

खोलीत आल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि डोकं थंड ठेवून विचार केला. वायर ओली झाली असेल. नाव काढलं, पण निरोप मशीनपर्यंत पोचला नसेल. असं होऊ शकतं. आजवर झालं नव्हतं, पण पूरही रोज येत नाही.

त्याने ‘शटडाऊन’ दिलं, थोडी मुदत ठेवून. मुदत संपली की उरलेलं नाव मशीन आपोआप तोडणार होतं. ‘किल’ लिहायची गरजच नव्हती. बोटं स्वच्छ राहणार होती.

हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तोडलं तर तोडलंच की. मग ते कुणी का तोडेना.

मुदत चालू होती. बॅटरी मधूनच पिप् करत होती. कुणाचं शेवटचं बटण केव्हा दाबलं गेलं, हेही मशीन सांगतं. ते त्याने पाहिलं. चार नंबरात बराच वेळ काही हललं नव्हतं. बघ, तो स्वतःला म्हणाला. तार ओली झालीय, बाकी काही नाही. खात्रीसाठी म्हणून त्याने आणखी एक निरोप धाडला. चार नंबरात घंटी वाजली असणार. इथपर्यंत ती ऐकू येत नाही.

त्याने पुन्हा पाहिलं. बटण दाबलं गेलं होतं. आत्ताच.

त्याने हात मांडीवर ठेवले. पाण्यामुळे तारेत काहीतरी झालं असेल. तो थोडा वेळ नुसता बसून राहिला. चार नंबर गप्प होता. मग त्याने घंटी दिली. बटण दाबलं गेलं. तो थांबला, चार नंबरही थांबला. त्याने घंटी दिली. बटण.

ओली तार अशी वाट बघत नाही. घंटी झाल्यावरच दाबायचं, एरवी हात रोखून धरायचा, हे तारेला कोण शिकवणार? ते माणसालाच येतं. कुणीतरी अंधारात त्या पेटीसमोर उभं होतं आणि बाहेर आपल्याला कुणी विचारतंय, हे त्याला कळलं होतं.

सुलाबाई टेम्पोतून गेली होती. त्याने डोळ्यांनी पाहिली होती, चिंतामणने पाहिली होती. आणि मशीन म्हणत होतं, सुलाबाई आत आहे. दोन्हीपैकी एक खोटं होतं. गोमटेशने आपल्या सगळ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःच्या हातांनी उभी केली होती, आणि ती खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं.

हे ठाऊक असल्याचा त्या वेळी त्याला पहिल्यांदा आनंद झाला नाही.

बॅटरी घाईने पिप् पिप् करू लागली. मशीन आत्ता नीट बंद केलं तर अण्णांचा सगळा हिशेब शाबूत राहील. तो इथून उठला आणि बॅटरी संपली तर सगळं जाईल, त्याच्या नावासकट. बोळातून पाणी खोलीच्या उंबऱ्याला लागलं होतं. म्हणजे ते चार नंबरच्या दाराखालीही गेलं असणार.

त्याने शटडाऊन रद्द केलं आणि पळत सुटला.

५

बोळात उजेड नव्हता, नुसता वरच्या झरोक्यांतून राखी रंग उतरला होता. पोटऱ्यांएवढं पाणी. त्यावर बेदाण्याचे रिकामे खोके तरंगत होते आणि भिंतीला हळूच धडका देत होते. एक नंबर. दोन नंबर. तीन. प्रत्येक दाराआडून गार वास येत होता.

चार नंबरच्या दारासमोर तो उभा राहिला आणि का कोण जाणे, त्याने आधी रीत पाळली.

“आत कोण हाय का?”

दाराच्या त्या वीतभर जाडीतून काही येणं शक्य नव्हतं. त्याने दारावर तळहात ठेवला. पत्र्यात अगदी बारीक हादरा होता. कुणीतरी पलीकडून, त्याच जागी, ठोकत होतं.

पट्टी काढायला त्याला सगळं अंग लावावं लागलं. दार पाण्याला रेटत उघडलं आणि गार वाफ बाहेर आली. पेटीतल्या पडद्याचा हिरवा उजेड होता. त्या उजेडात, घोट्याएवढ्या पाण्यात, सुलाबाई उभी होती. हिरवं लुगडं. अंगठा बटणावर. ओठ काळेनिळे पडले होते.

“आलास,” ती म्हणाली. दात वाजत होते. “म्हनलं, घंटी देतोय तवर हाय कोनतरी. तू बंद करायचा न्हाईस.”

गोमटेशने तिचा हात धरला. बाहेरच्या हवेत आल्याबरोबर तिच्या बांगड्यांवर दव धरलं, थेंब झाले, ओघळले. ते बघून त्याचे डोळे भरून आले.

“मावशी, तुमी आत कशा राहिला? चिंतामणकाकांनी हाक दिली न्हाई?”

“दिली की. मी निघाले हुते. नाव काढायला वळले, तर माझ्या बाजूनं कोनतरी पुढं गेली. माझंच लुगडं नेसल्याली. नुसती पाठ दिसली.” तिने पदर आवळला. “माझी पाठ मी कवा बघितलीया रं? पन वळखली.”

गोमटेशने रिकाम्या बोळाकडे पाहिलं.

“मग दार लागलं,” सुलाबाई म्हणाली.

६

ती निघायला लागली तसं त्याने तिला थांबवलं. “मावशी, नाव काढा.” असल्या वेळी हे सुचावं याचं त्यालाच नवल वाटलं. पण तिलाही ते बरोबरच वाटलं असावं. तिने गारठलेल्या अंगठ्याने नंबर दाबला, आपलं नाव आपल्या हाताने काढलं आणि पेटीचं झाकण लावलं.

खोलीत मशीन अजून चालू होतं. बॅटरी आता पिप् करत नव्हती, एकसारखी किंचाळत होती. त्याने तिला खुर्चीत बसवलं, आपला शर्ट तिच्या खांद्यांवर टाकला आणि उभ्यानेच टाइप केलं. हू. फक्त त्याचंच नाव होतं. सगळं डिस्कवर उतरवलं. शटडाऊन, आता मुदत नको. ओळी वर सरकत गेल्या. एकेक काम हात झटकून उठावं तसं संपत गेलं. बेदाण्याचा हिशेब बंद झाला, चेंबर सुटले, डिस्क मोकळी झाली. शेवटची ओळ आली आणि पंखा थांबला. त्याच्या पाठोपाठ बॅटरी गेली.

किती थोडक्यात! गोमटेशला ओरडून सांगावंसं वाटलं. माणूस बाहेर, हिशेब शाबूत, आणि तोडलं कुणालाच नाही. जवाहरअण्णांना, नाथाजीला, टेम्पोत हसलेल्या सगळ्यांना सांगावंसं वाटलं. मशीन चुकत नाही म्हणालो होतो की नाही? तो ते मशीन पोटाशी धरून जिना चढला तेव्हा त्याला ओझं लागलं नाही. मागून सुलाबाई कठड्याला धरून चढत होती, आणि त्याच्या मनात आलं की या क्षणी या सगळ्या बुडत्या गावात आपल्याइतका नेटका माणूस दुसरा नसेल.

माडीवर त्याने तिला पोत्यांत गुंडाळून बसवलं. मग तो विचार, जो इतका वेळ त्याने मशीनच्या मागे दाबून धरला होता, वर आला.

त्याने चिंतामणला फोन लावला.

७

“बोल गड्या. झालं का बंद?”

“झालं. काका, टेम्पोतली माणसं कुठं हायत?”

“सगळी शाळेत उतरवली. ट्रॅक्टर येतोय तुला. बस गप.”

“सुलामावशी?”

“ती न्हाई आली शाळेत. कुपवाडात घरी सोडली तिला. नात एकटी हाय म्हनली. लय घाई केली बग तिनं. का रं?”

गोमटेशने फोन कानापासून दूर केला. सुलाबाईने ऐकलं होतं. पोत्यांतून तिचा हात बाहेर आला. “लाव,” ती म्हणाली. “मयूरीला लाव. लेकीचा फोन तिच्यापाशी असतोय.”

तिने नंबर सांगितला. त्याने लावला, आवाज मोठा केला. पोरीने लगेच उचलला. भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी चूल पेटवत असावं किंवा ताटं मांडत असावं.

“मयू,” सुलाबाई म्हणाली. “मी बोलतीया. आजी.”

पोर हसली. मग फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, “आजी, ऐक की. कोनतरी तुझ्यासारखंच बोलतंय.”

भांड्यांचा आवाज थांबला. फोन बंद झाला.

सुलाबाई उठली. पोती खाली पडली. ती जिन्याकडे निघाली, तेव्हा गोमटेशने मशीनवर नीट कापड टाकलं आणि मागे न बघता तिच्याबरोबर उतरायला लागला. खाली पाणी कमरेएवढं झालं होतं. त्याने तिचा दंड घट्ट धरला. दोघं फाटकाच्या दिशेने पाय ओढू लागली, तोच त्याच्या हातातला फोन वाजला.

“दादा,” पोर अगदी दबक्या आवाजात बोलत होती. “माझी आजी खरंच तुमच्यापाशी हाय?”

“हाय,” गोमटेश म्हणाला. आयुष्यात कधी बोलला नव्हता एवढ्या ठाम आवाजात म्हणाला. “आजी माझ्यापाशीच हाय. आमी येतोय. तू आत्ताच्या आत्ता घराभायेर पळ.”

पलीकडे दबकी पावलं दारापर्यंत गेल्याचं ऐकू आलं.

“हिनं वरची कडी लावलीया,” मयूरी म्हणाली. “माझा हात पुरत न्हाई.”